मागच्या सीटवर आपलंच लेकरू आहे

पालकहो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरात दुचाकी किती आणि हेल्मेट किती?

बहुतेक घरांचं उत्तर मला ठाऊक आहे. गाडी एक, हेल्मेट एक. ते एक हेल्मेटही कर्त्या माणसाच्या मापाचं, आणि नगरला किंवा शिर्डीकडे जायचं असेल तरच खुंटीवरून निघणारं. मागे बसणारी बायको, मधे दाटून बसलेली मुलगी, टाकीवरचा धाकटा, यांच्या डोक्यांची सोय आपण केलेलीच नसते. कुणी आईबाप हे मुद्दाम करत नाहीत. लेकरासाठी आपण रक्ताचं पाणी करतो. पण गाडीवर बसताना मागच्या माणसाचा विचार करायची सवय आपल्याला लागलेली नाही, म्हणून आज हे हितगुज.

मी राहुरी-नेवाशाच्या पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. सकाळी शाळा भरताना फाटकाशी उभं राहिलं की सगळा तालुका डोळ्यांसमोरून जातो. एक गाडी येते. टाकीवर बालवाडीतली पोरगी, तिचे दोन्ही हात हॅंडलच्या मधोमध. तिच्या मागे वडील, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. त्यांच्या मागे पाचवीतला मुलगा, पाठीला दप्तर. त्या दप्तरामुळे सीटवर जी चार बोटं जागा उरते तिच्यावर आई एका बाजूला टेकलेली. तिच्या मांडीवर डब्यांची पिशवी, एक हात मागच्या कॅरिअरला, आणि पदराचं टोक चाकाच्या बाजूने फडफडतंय. गाडी पुरती थांबायच्या आत मुलगा उडी मारतो. वडील हसून हात हलवतात, आई पदर सावरते, गाडी निघून जाते. काही होत नाही. रोज काही होत नाही, म्हणून रोज असंच चालतं.

ज्या दिवशी होतं, त्या दिवशी मागच्याला आधी लागतं. चालवणाऱ्याच्या हातात हॅंडल असतं. त्याला खड्डा दिसतो, ब्रेक आपण कधी लावणार हे त्याचं त्याला कळतं, अंग आपोआप सावरलं जातं. मागच्याला समोर फक्त पाठ दिसते. गतिरोधक आला हे त्याला सीटवरून उडाल्यावरच समजतं. आपल्याकडे गावोगावी फाट्यावर, वस्तीपाशी, शाळेपाशी जे गतिरोधक घातलेत, त्यांतल्या कितींवर पांढरे पट्टे आहेत? रात्री तर चालवणाऱ्यालाही ते दिसत नाहीत. डांबरावर आधी आदळतं ते मागच्या माणसाचं डोकं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. 2022 सालच्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या 50,029 दुचाकीस्वारांच्या मृत्यूची नोंद आहे. त्यांत 14,337 जण मागे बसलेले होते. रोजचे सरासरी 39. गाडी दुसऱ्याच्या हातात होती, आणि जीव यांचा गेला.

मागे बसलेल्याला काय होतंय, ही समजूत आपल्यात फार खोल गेलेली आहे. ती दुचाकीपुरतीच नाही. आपल्या पाथर्डी-शेवगावच्या माणसाला 3 जून 2014 ची सकाळ सांगायची गरज नाही. केंद्रात मंत्री होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच गोपीनाथ मुंडे साहेब दिल्लीत गेले. ते गाडीत मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. भगवानगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. त्या दुःखातून आपण निदान एवढं तरी घ्यायला हवं होतं, की मागची सीट म्हणजे सुरक्षित जागा नव्हे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण पालकसभेत विचारलं तर फार थोड्यांना ते माहीत असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 प्रमाणे दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस, तोही चालवणाऱ्याच्या मागे, पक्क्या बसवलेल्या सीटवर. म्हणजे टाकीवरचं लेकरू कायद्यात बसतच नाही. कलम 129 प्रमाणे 4 वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, पुढे बसलेला असो की मागे. सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना. 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलांसाठी केंद्राने 15 फेब्रुवारी 2022 ला वेगळा नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला. त्यात तीन गोष्टी आहेत: मुलाच्या डोक्याला त्याच्या मापाचं हेल्मेट, त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारं पट्ट्यांचं जाकीट, आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. हे जाकीट मुलाच्या अंगात घालायचं आणि त्याचे खांद्याचे पट्टे चालवणाऱ्याने आपल्या खांद्यांत अडकवायचे. वाटेत लेकराला डुलकी लागली तरी ते एका बाजूला कलंडत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटचीही तपासणी करा, असे आदेश सगळ्या जिल्ह्यांना दिले. दंड किती, हे मी सांगणार नाही. लेकराच्या डोक्याचा हिशेब दंडाच्या पावतीवरून करायचा नसतो.

टाकीवर बसवण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण यात माया आहे आणि म्हणूनच ते सुटत नाही. लेकराला वारा लागतो, रस्ता दिसतो, हॉर्न वाजवायला मिळतो. ते आपल्या दोन हातांच्या मधे आहे, पडणार कुठे, असं बापाला वाटतं. आता ब्रेक कचकन लागला तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. लेकराच्या छातीपुढे हॅंडल आणि मीटर. त्याच्या पाठीशी सत्तर किलोचा बाप. बाप पुढे फेकला जातो आणि सगळा भार त्या इवल्या अंगावर येतो. ज्याच्या आधाराने बसवलं, त्याच्याच वजनाखाली ते दाबलं जातं.

स्कूटीवर पुढे उभ्या केलेल्या मुलाचा धोका आणखी वेगळा. आई भाजीच्या गाड्यापाशी थांबते, इंजिन चालू, एक पाय जमिनीवर, एक हात पिशवीकडे. समोर उभं असलेलं मूल तोल सावरायला उजवी मूठ धरतं आणि ती पिळली जाते. बिनागिअरची गाडी तिथल्या तिथे झेप घेते. म्हणून मुलं गाडीवर असताना थांबलात की किल्ली बंद. एवढंही नको असेल तर मूल पुढे उभंच करू नका.

मग मुलाला बसवायचं कधीपासून? माझं मत स्पष्ट आहे. मागे बसल्यावर दोन्ही पाय पायदानावर टेकतात, हात चालवणाऱ्याच्या कमरेला पोहोचतात आणि वाटभर जागं राहण्याइतकी समज आलेली आहे, तेव्हापासून. पाय लोंबकळत असतील तर मूल अजून गाडीच्या मापाचं झालेलं नाही, मग वय काहीही असो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 8 वर्षांखालचं मूल मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसवताच येत नाही. आपल्याकडे तेवढं जमणार नाही, हे मला कळतं. वस्तीवरून शाळेला दुसरी सोय नसते, रात्री ताप भरला तर गाडीच काढावी लागते. पण अडचण म्हणून नेणं वेगळं आणि मुरमुरे आणायला निघालोय म्हणून पोराला टाकीवर टाकणं वेगळं. 9 महिन्यांच्या आतल्या बाळाला तर दुचाकीवर नेऊच नका. त्या मानेला हादरे सोसत नाहीत, आणि बाळ मांडीवर घेतलेल्या आईला स्वतःला धरायला हातच उरत नाही.

हेल्मेट घ्यायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. चपला घेताना पाय मोजतो, तसं डोकं मोजायचं. भुवईच्या वर बोटभर टेप धरून गोल माप घ्या. हेल्मेट घातल्यावर भुवईच्या वर दोनच बोटं जागा दिसली पाहिजे. बक्कल लावून हनुवटीखाली दोन बोटं शिरतील इतका पट्टा आवळा. मग मुलाला जोरात ‘नाही, नाही’ अशी मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. बापाचं हेल्मेट पोराला घातलं तर ते डोळ्यांवर येतं आणि पडताना आधी निघून जातं. असं हेल्मेट घालून मनाचं समाधान होईल, डोक्याचं रक्षण नाही. बक्कल न लावलेल्या हेल्मेटचंही तेच. आत आयएसआयचा शिक्का आणि आयएस 4151 हा आकडा आहे का पाहा. 1 जून 2021 पासून तो शिक्का नसलेलं हेल्मेट बनवायलाही परवानगी नाही आणि विकायलाही, तरी हायवेच्या कडेला ताडपत्रीवर टोपीसारखी हलकी हेल्मेटं मांडलेली दिसतात. ती घेऊ नका. अपघातात एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, ते फेकून द्या. हेल्मेटचा उपयोग किती, यावर देशोदेशी अभ्यास झाले आहेत. ते सगळे एकत्र तपासल्यावर निघालेला निष्कर्ष असा, की मोटरसायकलवर हेल्मेट असेल तर मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. केस विस्कटतात, उकडतं, ऐकू येत नाही, ही सगळी कारणं मी ऐकलेली आहेत. ती या आकड्यांपुढे टिकत नाहीत.

आता आयांनो, तुमच्याशी. एका बाजूला बसणं सोडता आलं तर सोडा. दोन्ही पाय डावीकडे, कमरेतून पिळलेलं अंग, अर्धं शरीर सीटच्या बाहेर. अशा बसण्यात धक्का बसला की सावरायला पायांचा काही उपयोग नाही. ब्रिटनमध्ये मागच्याने दोन्हीकडे पाय टाकूनच बसलं पाहिजे असा कायदा आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण रीत म्हणूनही ती काही फार जुनी गोष्ट नव्हे. ज्यांच्या नावाचा हा जिल्हा त्या अहिल्यादेवी इथल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. नगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी दख्खनी चित्रांत घोड्यावर बसलेली दिसते. काष्ट्याचं नऊवारी नेसून मांड टाकणाऱ्या बायकांचा हा मुलुख. सहावारी आली आणि पाय एका बाजूला गेले, एवढंच. शेतातल्या सगळ्या कामांना जो मोकळेपणा चालतो, तो गाडीवर बसताना अमर्यादा कसा ठरेल? सासूबाईंना सुनेने सांगणं अवघड, हे मला कळतं. म्हणून सासवांनीच सुनेला सांगावं, की बाई, नीट बस.

साडीच नेसायची असेल आणि एका बाजूलाच बसायचं असेल, तर पदर आधी कमरेला खोचा, मग गाडीवर बसा. ओढणी गळ्याभोवती गुंडाळून टोकं मागे सोडू नका. ती कुर्त्याच्या आत किंवा कमरेला बांधा. चाकात टोक गेलं की चाक ते क्षणात गुंडाळून घेतं आणि गळ्याला फास बसतो. या जिल्ह्यात असं गेलेलं माणूस ठाऊक नसलेला तालुका सापडायचा नाही. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो, की प्रत्येक मोटरसायकलला मागच्यासाठी पक्की मूठ, पायदान आणि मागचं चाक निम्म्यापर्यंत झाकणारं संरक्षण हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. आपली पोरं गाडी घरी आली की ‘लुक जातो’ म्हणून पहिल्याच आठवड्यात ते काढून टाकतात. वडिलांनो, ते काढू देऊ नका. काढलं असेल तर याच आठवड्यात परत बसवून घ्या. त्या गाडीवर उद्या त्याची आई बसणार आहे, बहीण बसणार आहे.

मागे बसणंही शिकवावं लागतं, हे आपल्या लक्षातच येत नाही. चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून ‘बस’ म्हटल्याशिवाय चढायचं नाही. चढायचं डाव्या बाजूने, कारण बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो; उघड्या पोटरीला त्याचा चटका लागलेली मुलं माझ्या वर्गात दर साली दिसतात. गाडी थांबली तरी पाय पायदानावरच. खांदे धरायचे नाहीत, कंबर धरायची. खांदा ओढला गेला की हॅंडलही ओढलं जातं. वळणावर गाडी झुकली तर तिच्याबरोबर झुकायचं, घाबरून उलट्या बाजूला अंग टाकायचं नाही. करंजी घाटात किंवा चंदनापुरीच्या वळणांवर मागचा माणूस असा उलटा कलला, की चालवणाऱ्याचा हात कितीही पक्का असू द्या, गाडी रेषा सोडते. हे सगळं अंगणात उभ्या गाडीवर मुलांना दहा मिनिटांत शिकवता येतं.

चालवणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावं, की डबलसीट गाडी ही वेगळीच गाडी असते. मागे साठ-सत्तर किलो आले की गाडीचं नाक वर होतं. पुढचं चाक हलकं पडतं, हॅंडल भिरभिरतं, आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आपल्या पुढचा रस्ता मात्र अंधारात. मेकॅनिककडून मागचे शॉकॉप एक-दोन घर कडक करून घेतले तर हे बरंच सावरतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मागच्या टायरच्या हवेचे दोन आकडे छापलेले असतात, एकट्यासाठी एक आणि डबलसीटसाठी दुसरा. पंक्चरवाला विचारत नाही, आपण सांगायचं. ब्रेक नेहमीपेक्षा लवकर आणि दोन्ही, दाबत दाबत. नुसता पुढचा करकचून दाबला तर मागचा माणूस अंगावर येऊन आदळतो. नुसत्या मागच्यावर भिस्त ठेवली तर गाडी थांबतच नाही. ताशी 60 वर गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत वर्गखोलीच्या दुप्पट अंतर कापलेलं असतं. लेकरू मागे असेल तर 40 च्या वर काटा नको, हा माझा आग्रह आहे, मग ते 4 वर्षांचं असो की 14 चं.

आपल्या रस्त्यांचं एक निराळं गणित आहे, आणि ते बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं नसतं. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात. प्रवरानगर, सोनई, भेंडे, कोपरगाव, संगमनेर, श्रीगोंदा, चारी दिशांना ऊस निघतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर डोकावणारी टिपरं, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. पहाटे टोळ्यांच्या टायरगाड्या. अंधारात उभी असलेली बंद ट्रॉली आणि तिच्यावर मागून आदळलेली दुचाकी, ही बातमी दर हंगामात ठरलेली. आणि नेमके त्याच दिवसांत आपण भाऊबीजेला, लग्नाला, मोहट्याला, शिर्डीला, शनिशिंगणापूरला बायकापोरांना गाडीवर घेऊन निघतो. लग्नाची पंगत रात्री दहाला उठते, मुलं पेंगुळलेली, परतीची वाट चाळीस किलोमीटर. मधे बसलेलं मूल झोपलं की त्याची पकड सुटते. त्या रात्री पाहुण्यांकडे मुक्काम करा. सकाळी निघालात तर काही बिघडत नाही. गळीत सुरू असेपर्यंत अंधार पडल्यावर मुलांना दुचाकीवर काढायचंच नाही, हा नियम ज्या घराने केला ते घर शहाणं.

दुसरी सोय आहे, हेही विसरू नका. महाराष्ट्रातली पहिली एसटी 1 जून 1948 ला धावली ती पुणे-नगर रस्त्यावर, आपल्या जिल्ह्यातून. त्याच एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, आणि खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेचा पास मोफत आहे. त्या योजनेला नाव अहिल्याबाई होळकरांचंच आहे. गाडी वेळेवर येत नाही, फाट्यापर्यंत चालावं लागतं, सगळं मान्य. पण चौघांनी एका गाडीवर साठ किलोमीटर जायचं की दोघांनी गाडीवर आणि मायलेकरांनी एसटीने, हे ठरवताना जरा थांबून विचार करा. विम्याचंही पाहून घ्या. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्याची जोखीम त्यात आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तिलक सिंह प्रकरणात हे स्पष्ट केलेलं आहे. कागद काढून वाचा, एजंटला विचारा.

आता सगळ्यात अवघड विषय. दहावी-अकरावीतला मुलगा. क्लासला जायचंय, गावातून गाडी नाही, बाप शेतात. किल्ली त्याच्या हातात जाते. तो एकटा जात नाही. वाटेत मित्र उभा असतो, पुढच्या फाट्यावर दुसरा. ट्रिपलसीट. तुमच्या मुलाच्या हातात आता दुसऱ्या दोन घरांची मुलं आहेत, आणि त्या घरांना हे माहीतही नाही. 18 वर्षांखाली गाडी चालवायला कायद्याने बंदी आहे. 16 नंतर सूट आहे ती 50 सीसीपर्यंतच्या गाडीला, आणि तशी गाडी आता रस्त्यावर दिसत नाही. 2019 मध्ये कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. नोकरीला लायसन्स लागतं, पोलिस भरतीची स्वप्नं पाहणारी मुलं आहेत आपल्याकडे. हे त्यांना आजच सांगा.

18 पूर्ण झाल्यावर द्या गाडी, आनंदाने द्या. पण शिकाऊ लायसन्सवर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवता येत नाही, हा नियमच आहे, आणि पक्कं लायसन्स मिळाल्यावरही निदान पहिलं वर्ष त्याने एकट्याने गाडी चालवावी, असं मी प्रत्येक पालकाला सांगते. स्वतःला सांभाळता येऊ लागलं की मग दुसऱ्याला मागे घेण्याची जबाबदारी. आजीला दवाखान्यात नेण्याचं काम आधी द्या. आजी मागे असली की पोरगं आपोआप हळू चालवतं, आणि ते हळू चालवणं अंगवळणी पडतं.

एक गोष्ट मात्र मान्य करा. तो गाडी चालवायला क्लासमध्ये शिकलेला नाही. बालवाडीपासून तुमच्या मागे बसून शिकला आहे. तुम्ही फोन खांद्याला लावून चालवत होता, चुकीच्या बाजूने फाटा ओलांडत होता, पोलिस दिसल्यावर हेल्मेट चढवत होता, ते सगळं त्याने मागून पाहिलेलं आहे. आज जी मुलगी तुमच्या कमरेला धरून बसली आहे, ती दहा वर्षांनी तिच्या लेकराला कसं बसवेल हे आज तुमच्या गाडीवर ठरतंय.

बंदी म्हटलं की लोकांना राग येतो. पण आपला जिल्हा तसा नाही. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ग्रामसभेत बसून स्वतःवर कुऱ्हाडबंदी घालून घेतली, चराईबंदी घातली, नशाबंदी घातली, आणि गावाचं रूप पालटलं. पोलिस आले नव्हते, दंडाची पावती नव्हती. राळेगणसिद्धीनेही तेच करून दाखवलं. ज्या माणसांनी झाडासाठी आणि पाण्यासाठी एवढं केलं, ती आपल्या लेकरांच्या डोक्यांसाठी करणार नाहीत, हे मला खरं वाटत नाही.

म्हणून विनंती आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर, यांतली जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात हा विषय घ्या. आमच्या गावातलं लेकरू टाकीवर बसणार नाही, हेल्मेटशिवाय मागे बसणार नाही, 18 च्या आत किल्ली कुणाच्या हातात देणार नाही, आणि गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर पांढरे पट्टे असतील, एवढे चारच मुद्दे. ठराव आईने मांडावा आणि बापाने अनुमोदन द्यावं. लिहून द्यायला कुणी लागलं तर गावच्या शाळेत या, आम्ही शिक्षक बसून लिहून देऊ.